नवोदय प्रवेश परीक्षा: दोन तासांत ऐंशी प्रश्न सोडवण्याची रीत

जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेला मूल एकदाच बसू शकते. पाचवीत शिकत असताना ती संधी मिळते आणि त्या वर्षी हुकली, तर पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करता येत नाही. प्रत्येक विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० जागा असतात. त्यांतील किमान ७५ टक्के ग्रामीण भागातील मुलांसाठी आणि किमान एक तृतीयांश मुलींसाठी राखलेल्या असतात. त्या जागांसाठी जिल्हाभरातून हजारो मुले बसतात. कागल, पलूस किंवा टाकळी ढोकेश्वर येथील विद्यालयाच्या फाटकातून आत जाणारे मूल आणि बाहेर राहिलेले मूल यांच्यात पुष्कळदा दोन-तीन प्रश्नांचेच अंतर असते. माझ्या अनुभवात हे प्रश्न बहुतेक वेळा न येणारे नसतात. येत असूनही ते वेळेअभावी, घाईने किंवा उत्तरपत्रिकेतील चुकीमुळे गेलेले असतात.

जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवताना मी या परीक्षेची तयारी अनेक वर्षे करून घेतली आहे. सुरुवातीच्या वर्षांत मीही सगळा भर अभ्यासक्रम संपवण्यावरच देत असे. एका वर्षीच्या सराव परीक्षेनंतर माझा विचार बदलला. वर्गातील सर्वांत तयारीच्या मुलीने तेविसावा प्रश्न अवघड वाटला म्हणून सोडला आणि चोविसाव्या प्रश्नाचे उत्तर तेविसाव्या क्रमांकासमोर भरले. तिथून पुढे प्रत्येक उत्तर एकेक ओळ वर सरकत गेले. शेवटी ऐंशीव्या ओळीतील चारही गोल मोकळे राहिले, तेव्हा कुठे ते तिच्या लक्षात आले. त्या वेळी एक वाजून सत्तावीस मिनिटे झाली होती आणि दीडला वेळ संपणार होती. प्रश्नपुस्तिकेतील तिच्या खुणा पाहिल्या, तर ६८ उत्तरे बरोबर होती. उत्तरपत्रिकेनुसार मात्र ३४ बरोबर निघाली. तिला गणित येत होते, बुद्धिमत्ता येत होती, भाषा उत्तम होती. गोल भरण्याची रीत मात्र आम्ही तिला शिकवलीच नव्हती. ती परीक्षा सरावाची होती, हे आमचे नशीब.

पालकांनी आणि शिक्षकांनी परीक्षेच्या किमान दोन महिने आधीपासून मुलाच्या हाताला कोणत्या सवयी लावाव्यात, ते येथे क्रमाने मांडले आहे. परीक्षागृहात दहा वर्षांचे मूल एकटे असते. ऐनवेळी दिलेली सूचना त्याला तिथे आठवत नाही, अंगवळणी पडलेली सवय मात्र उपयोगी पडते.

प्रश्नपत्रिकेची रचना मुलाला तोंडपाठ हवी

परीक्षा दोन तासांची असते, साडेअकरा ते दीड. एकूण ८० प्रश्न असतात आणि गुण १००. प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण असतो. मानसिक क्षमता चाचणीचे, म्हणजे आकृत्यांचे, ४० प्रश्न ५० गुणांसाठी, अंकगणिताचे २० प्रश्न २५ गुणांसाठी आणि भाषेचे २० प्रश्न २५ गुणांसाठी असतात. सर्व प्रश्न चार पर्यायांचे असतात आणि चुकीच्या उत्तराबद्दल गुण वजा होत नाहीत. दिव्यांग विद्यार्थ्यांना ४० मिनिटे जादा मिळतात. त्यांचा सरावही त्याच वेळेनुसार घ्यावा.

या रचनेतून दोन गोष्टी निघतात आणि त्या मुलाला समजावून सांगाव्या लागतात. पहिली अशी की, नफा-तोट्याच्या चार ओळींच्या उदाहरणाला जितके गुण आहेत, तितकेच गुण वेगळी आकृती ओळखण्याच्या दहा सेकंदांच्या प्रश्नाला आहेत. शाळेच्या परीक्षेत मोठ्या उदाहरणाला जास्त गुण असतात, त्यामुळे हुशार मुलाला मोठे उदाहरण सोडून पुढे जाणे कमीपणाचे वाटते. ‘इथे सगळे प्रश्न एकाच किमतीचे आहेत’ हे त्याला पैशांच्या भाषेत सांगितले की पटकन पटते: प्रत्येक प्रश्नाला सव्वा रुपयाच मिळणार असेल, तर आधी हाताशी असलेले रुपये उचलावेत. दुसरी गोष्ट अशी की, एकही गोल मोकळा ठेवून उठण्यात काहीच लाभ नाही. त्याविषयी पुढे सांगितले आहे.

सर्व प्रवेश परीक्षांना हीच रीत लागू होत नाही, हेही लक्षात ठेवावे. सैनिक शाळेच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत १५० मिनिटांत १२५ प्रश्न आणि ३०० गुण असतात. त्यांतील गणिताच्या ५० प्रश्नांना प्रत्येकी ३ गुण, तर भाषा, बुद्धिमत्ता आणि सामान्य ज्ञान यांच्या प्रत्येकी २५ प्रश्नांना २ गुण असतात. सातारा येथील सैनिक शाळेसाठी तयारी करणाऱ्या मुलाला निम्मे गुण गणितातून मिळवायचे असतात, म्हणून त्याच्या वेळेची वाटणी अगदी वेगळी होते. एकाच वर्षी दोन्ही परीक्षा देणाऱ्या मुलांचा दोन्हींचा सराव वेगवेगळ्या दिवशी घ्यावा आणि सुरू करण्यापूर्वी ‘आज कोणती परीक्षा आहे आणि तिची रचना काय आहे’ हे त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावे.

घड्याळातील तीन खुणा

नवोदयच्या माहितीपत्रकात मानसिक क्षमतेसाठी ६० मिनिटे, अंकगणितासाठी ३० आणि भाषेसाठी ३० अशी वेळेची वाटणी दिलेली असते. प्रश्नपुस्तिका मात्र तिन्ही विभागांची मिळून एकच असते. चांगला सराव झालेल्या मुलाला आकृत्यांसाठी साठ मिनिटे लागत नाहीत, तर अंकगणिताला तीस मिनिटे अपुरी पडतात. म्हणून मी पुढील वाटणी करून देतो: मानसिक क्षमतेला ४५ मिनिटे, अंकगणिताला ४०, भाषेला २५ आणि शेवटची १० मिनिटे राहिलेल्या प्रश्नांसाठी व तपासणीसाठी.

मिनिटांची बेरीज-वजाबाकी मुलाच्या डोक्यात ठेवू नये. त्याला घड्याळातील तीन खुणा पाठ करून द्याव्यात: सव्वाबारा, एकला पाच कमी आणि एक वाजून वीस. सव्वाबारा वाजता अंकगणित उघडायचे, एकला पाच कमी असताना भाषा उघडायची आणि एक वीसला राहिलेल्या प्रश्नांकडे वळायचे. मागच्या विभागातील दोन-चार प्रश्न राहिले असले, तरी खूण आली की पान उलटायचे. हा नियम कठोर वाटतो, पण तो नसेल तर अंकगणितातील तीन हट्टी उदाहरणे भाषेचा अख्खा उतारा खाऊन टाकतात आणि भाषेचा उतारा म्हणजे पाच प्रश्न.

येथे एक साधी गोष्ट आवर्जून तपासावी. आजच्या पुष्कळ मुलांना मोबाईलवरील आकड्यांचीच वेळ वाचता येते. भिंतीवरील काट्यांच्या घड्याळात ‘एकला पाच कमी’ म्हणजे काटे कुठे असतात, हे त्यांना पटकन सांगता येत नाही. परीक्षेच्या खोलीत भिंतीवर घड्याळ असेल, तर ते काट्यांचेच असण्याची शक्यता जास्त. मनगटी घड्याळ नेता येते की नाही, हे प्रवेशपत्रावरील सूचनांत पाहावे. घड्याळ कुठेच दिसत नसेल, तर हात वर करून पर्यवेक्षकांना ‘सर, किती वाजले?’ असे विचारण्याचे धैर्यही सरावातच द्यावे लागते. गावातील लाजाळू मूल अनोळखी शिक्षकांना हा एवढा प्रश्नही विचारत नाही.

विभागांचा क्रम बदलावा का, असे पालक नेहमी विचारतात. माझे मत असे की, दहा वर्षांच्या मुलाने पुस्तिकेतील क्रमानेच जावे. भाषा आधी सोडवायची म्हटली, तर उत्तरपत्रिकेवरही तितक्याच ओळी ओलांडून उडी मारावी लागते आणि चुकीच्या ओळीत गोल भरले जाण्याचा धोका तिथेच वाढतो.

गोल भरणे हे वेगळे कौशल्य आहे

उत्तरपत्रिकेवरील गोल निळ्या किंवा काळ्या बॉलपेनने भरायचे असतात. पेन्सिल चालत नाही. एकदा भरलेला गोल खोडता येत नाही, पांढरी शाई लावता येत नाही आणि एका प्रश्नासमोर दोन गोल भरले तर ते उत्तर धरले जात नाही. एक गोल नीट, कडेपर्यंत आणि बाहेर न जाता भरायला मुलाला पाच-सहा सेकंद लागतात. ऐंशी गोलांचे सात-आठ मिनिटे होतात. म्हणजे ‘सगळे सोडवून झाल्यावर शेवटी एकदम भरतो’ म्हणणाऱ्या मुलाला शेवटची आठ मिनिटे केवळ हातकामासाठी लागतात आणि तीही सर्वांत घाईची. ही पद्धत मुळीच लावू नये.

प्रत्येक प्रश्नानंतर लगेच गोल भरावा, हेही मला सरसकट पटत नाही, कारण त्यात नजर पुस्तिकेवरून उत्तरपत्रिकेकडे ऐंशी वेळा जाते आणि ऐंशी वेळा परत येते. मानसिक क्षमता चाचणीत दहा भाग असतात आणि प्रत्येक भागात चार प्रश्न असतात. तेव्हा चारांची चौकडी पुस्तिकेत सोडवावी, उत्तराच्या पर्यायाभोवती पुस्तिकेत पेनाने खूण करावी आणि मग ते चार गोल एकदम भरावेत. भाषेत एका उताऱ्याचे पाच प्रश्न झाले की पाच गोल. अंकगणितात मात्र अधूनमधून प्रश्न सुटतो, म्हणून तिथे प्रत्येक उदाहरणानंतर लगेच गोल भरणे बरे.

गोल भरताना ओठांतल्या ओठांत प्रश्नाचा क्रमांक आणि पर्याय म्हणावा: ‘सदतीस, सी, अडतीस, ए, एकोणचाळीस, डी.’ डाव्या हाताचे बोट त्या ओळीच्या क्रमांकावर ठेवावे. डावखुऱ्या मुलाने उत्तरपत्रिका बाकावर डावीकडे ठेवण्याची सवय लावावी, नाहीतर त्याचा हात भरलेल्या ओळींवरून जातो, शाई पसरते आणि क्रमांकही झाकला जातो. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ, एकोणसत्तर हे आकडे म्हणताना मुले दहाने चुकतात. ‘एकोणसाठ’ ऐकले की साठच्या घरात शोधू लागतात. संख्यावाचनाची ही कच्ची बाजू पाचवीतही पुष्कळ मुलांत असते, म्हणून रोज दोन मिनिटे केवळ हेच आकडे घ्यावेत.

अंकांबाबत मराठी माध्यमातील मुलांचा आणखी एक घोळ होतो, तो जवळून पाहण्यासारखा आहे. आपला देवनागरी १ घाईने लिहिला की इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि आपला ४ इंग्रजी आठसारखा. बैठक क्रमांक लिहिताना मूल अर्धे आकडे मराठीत आणि अर्धे इंग्रजीत लिहून जाते आणि मग खाली गोल भरताना स्वतःच्याच आकड्याला फसते. बैठक क्रमांक प्रवेशपत्रावर जसा छापलेला आहे तसाच, त्याच आकड्यांत, एकेक अंक बघून उतरवायचा, हा सराव किमान दहा वेळा करून घ्यावा.

प्रश्न सोडायचा असेल, तर तीन गोष्टी क्रमाने कराव्यात. पुस्तिकेत त्या प्रश्नाच्या क्रमांकाभोवती मोठे वर्तुळ काढावे. कच्च्या कामाच्या जागेत, कोपऱ्यात, सोडलेल्या प्रश्नांची यादी ठेवावी आणि तिथे तो क्रमांक लिहावा. उत्तरपत्रिकेवर त्या ओळीवर बोट ठेवून ‘तेवीस मोकळा’ असे म्हणावे आणि मगच पुढच्या ओळीवर जावे. त्या मुलीच्या प्रसंगानंतर माझ्या वर्गात ‘तेवीस मोकळा’ हा परवलीचा शब्दच झाला आहे. शिवाय प्रत्येक दहाव्या प्रश्नाला, म्हणजे १०, २०, ३० असे, पुस्तिकेतील क्रमांक आणि उत्तरपत्रिकेतील क्रमांक जुळतो का ते पाहायचे. ओळ सरकलीच असेल, तर जास्तीत जास्त नऊ प्रश्नांच्या आत ती सापडते.

सरावासाठी नमुना उत्तरपत्रिकेच्या पंधरा-वीस छायाप्रती काढून ठेवाव्यात. वहीवर ‘१-बी, २-डी’ असे लिहून घेतलेल्या सराव परीक्षेने हे कौशल्य येत नाही.

आकृत्यांचे चाळीस प्रश्न

निम्मे गुण येथे आहेत आणि भाषेचा किंवा माध्यमाचा अडसरही नाही. मुले हे प्रश्न ‘दिसले तर दिसले’ अशा भावनेने पाहतात. त्यांना पाहण्याचा क्रम द्यावा लागतो. वेगळी आकृती शोधताना आधी बाजू मोजाव्यात, मग आतील रेषा किंवा ठिपके, मग बाणाची दिशा, मग रंगवलेला भाग आणि शेवटी आकृती फिरवली आहे की उलटवली आहे. हा क्रम दर वेळी तोच ठेवला, तर बहुतेक आकृत्या पहिल्या तीन पायऱ्यांतच सुटतात.

आरशातील प्रतिमेच्या प्रश्नात मुले उजवे-डावे आणि वर-खाली दोन्ही एकदम उलटतात. आरशाची रेषा आकृतीच्या बाजूला उभी असेल, तर फक्त उजवे-डावे बदलते. वरचा भाग वरच राहतो. रेषा खाली आडवी असेल, तर वर-खाली बदलते आणि उजवी बाजू उजवीकडेच राहते. घरातील छोटा आरसा वहीतील आकृतीशेजारी उभा धरून हे चार-पाच संध्याकाळी पाहिले की पुन्हा सांगावे लागत नाही.

कागदाच्या घडीचे प्रश्न तर कागदावरच शिकवावेत. जुन्या वर्तमानपत्राचा चौकोन घ्या, उभी घडी घाला, मग आडवी घडी घाला आणि मध्ये एक छिद्र पाडा. उलगडल्यावर चार छिद्रे दिसतील, कारण कागदाचे चार थर होते. मग घडीच्या काठावर अर्धगोल कापा. उलगडल्यावर तिथे पूर्ण गोल दिसेल आणि छिद्रांची संख्या कमी भरेल. मूल स्वतःच्या कात्रीने हे दहा-बारा वेळा करते, तेव्हा प्रश्नात ते प्रथम थर मोजते, छिद्रांची संख्या ठरवते आणि त्या संख्येत न बसणारे पर्याय काढून टाकते. त्यानंतर छिद्रांच्या जागा तेवढ्या पाहायच्या राहतात. त्रिकोणी छिद्र असेल, तर घडीच्या दोन्ही बाजूंना त्याची टोके एकमेकांच्या उलट दिशेला जातात, हेही कागदच शिकवतो.

लपलेली आकृती शोधताना ती त्याच मापाची आणि त्याच दिशेची हवी, हे बजावून ठेवावे. एका आकृतीवर मिनिटभर गेले आणि काही दिसले नाही, तर ‘मोकळा’ म्हणून पुढे जावे. परत येऊन पाहिल्यावर तीच आकृती पुष्कळदा लगेच दिसते.

अंकगणितात पर्यायांचा उपयोग

शाळेत आपण मुलांना उदाहरणाची रीत पूर्ण लिहायला शिकवतो आणि ते योग्यच आहे. या परीक्षेत मात्र उत्तर चार पर्यायांत आधीच छापलेले असते आणि त्याचा उपयोग करून घेणे यात गैर काही नाही.

एक उदाहरण पाहू. ‘एका संख्येचा तीन अष्टमांश भाग ४५ आहे, तर ती संख्या कोणती?’ पर्याय: ९०, १०५, १२०, १३५. संख्येचे आठ समान भाग होतात, म्हणजे तिला आठने पूर्ण भाग जायला हवा. चारांपैकी केवळ १२० ला आठने भाग जातो. एक भाग १५, तीन भाग ४५, पडताळाही झाला. दुसरे: ३९८ × २५, पर्याय ९९५०, ९९७५, १००५०, ९९००. चारशे पंचविसा दहा हजार होतात. आपली संख्या त्याहून लहान, म्हणून १००५० गेले. सम संख्येला २५ ने गुणल्यावर शेवटी ०० किंवा ५० येते, म्हणून ९९७५ गेले. दहा हजारांतून दोन पंचविसा पन्नास वजा केले की ९९५० राहते. गुणाकार मांडण्याची गरजच पडली नाही.

पर्याय फसवतातही, कारण चुकीचे पर्याय मुलांच्या नेहमीच्या चुकांमधूनच तयार केलेले असतात. ‘आयताची लांबी १२ सेमी आणि रुंदी ८ सेमी आहे, तर परिमिती किती?’ पर्याय २०, ४०, ४८, ९६. घाई करणारे मूल १२ आणि ८ यांची बेरीज करते आणि २० समोर दिसल्याबरोबर खूश होऊन गोल भरते. दुसरे मूल परिमितीऐवजी क्षेत्रफळ काढते आणि त्याला ९६ सापडते. आपले उत्तर पर्यायांत आहे म्हणजे ते बरोबर आहे, ही समजूत मोडून काढावी लागते. त्यासाठी एक लहानशी सवय पुरते: गोल भरण्यापूर्वी प्रश्नाचे शेवटचे वाक्य पुन्हा वाचायचे. परिमिती विचारली की क्षेत्रफळ, नफा विचारला की विक्रीची किंमत, उरलेले विचारले की खर्च झालेले, हे त्या शेवटच्या वाक्यातच असते. ‘नाही’, ‘सर्वांत लहान’, ‘किती कमी’ अशा शब्दांखाली पेनाने रेघ मारण्याचीही सवय लावावी. एककांकडेही लक्ष हवे. २ किलो ५० ग्रॅम म्हणजे २०५० ग्रॅम, पण पर्यायांत २५० आणि २५०० ही उत्तरेही ठेवलेली असतात.

चाळीस मिनिटांत अंकगणिताच्या दोन फेऱ्या कराव्यात. पहिल्या फेरीत वाचताक्षणी रीत सुचते ती उदाहरणे घ्यावीत. दुसऱ्या फेरीत राहिलेली. कच्चे काम करताना प्रत्येक उदाहरणाचा क्रमांक बाजूला लिहावा, म्हणजे परत आल्यावर अर्धवट आकडेमोड नव्याने करावी लागत नाही.

भाषेचे चार उतारे

भाषेच्या विभागात चार उतारे आणि प्रत्येकावर पाच प्रश्न असतात. आधी प्रश्न वाचावेत आणि मग उतारा, असा सल्ला मोठ्यांच्या परीक्षेसाठी दिला जातो. दहा वर्षांच्या मुलाला पाच प्रश्न डोक्यात ठेवून वाचणे जड जाते, असा माझा अनुभव आहे. उतारा एकदा सावकाश, पेनाचे टोक ओळीखाली फिरवत पूर्ण वाचावा, मग प्रत्येक प्रश्नासाठी उताऱ्यातील ती ओळ शोधून तिच्यावर बोट ठेवावे आणि मगच पर्याय निवडावा.

उत्तर उताऱ्यातूनच द्यायचे, स्वतःला माहीत असलेल्या गोष्टीतून नाही, हे मुलांना सर्वांत कठीण जाते. समजा, उताऱ्यात असे आहे: ‘शाळा कडुनिंबाखाली भरत असे. पाऊस सुरू झाला की मुले मारुतीच्या देवळात बसत. तिथे जागा अपुरी पडे, म्हणून लहान मुलांना घरी पाठवीत.’ प्रश्न आहे, ‘लहान मुलांना घरी का पाठवीत?’ पर्यायांत ‘पावसात भिजून ती आजारी पडत म्हणून’ हे असते आणि ते पटण्यासारखेही असते. उताऱ्यातील कारण मात्र जागा अपुरी पडते हे आहे. ‘उताऱ्यात कुठे लिहिले आहे ते दाखव’ असे सरावात प्रत्येक उत्तराला विचारावे.

शब्दार्थाच्या प्रश्नात पर्याय मूळ वाक्यात घालून वाचून पाहावा. समानार्थी विचारला आहे की विरुद्धार्थी, त्या शब्दाखाली रेघ हवीच. अहिराणी, वऱ्हाडी किंवा मालवणी घरात बोलणाऱ्या मुलांना ‘अन्यथा’, ‘व्यतिरिक्त’, ‘तथापि’, ‘परंतु’ हे जोडशब्द अडतात आणि अख्ख्या वाक्याचा अर्थ उलटा घेतला जातो. अशा वीस-पंचवीस शब्दांची चिठ्ठी वर्गात लावून ते रोजच्या बोलण्यात वापरावेत. अर्ज भरतानाच परीक्षेचे माध्यम नीट तपासावे. मूल ज्या भाषेत शाळा शिकते तेच माध्यम असावे आणि प्रवेशपत्र हाती आल्यावर तेच छापले आहे ना, हे पुन्हा पाहावे.

शेवटची दहा मिनिटे

एक वाजून वीस मिनिटांनी मुलाने कोपऱ्यातील यादी काढावी. त्यातील ज्या प्रश्नांत दोन पर्याय नक्की चुकीचे वाटतात, ते आधी घ्यावेत. दीडला पाच कमी असताना मात्र उरलेल्या सगळ्या ओळी भरून टाकाव्यात, मग उत्तर येवो वा न येवो. आठ प्रश्न पूर्ण अंदाजाने भरले, तर चार पर्यायांच्या हिशेबाने सरासरी दोन बरोबर येतात, म्हणजे अडीच गुण. त्यांतील दोन-दोन पर्याय आधी बाद केले असतील, तर सरासरी चार बरोबर येतात, म्हणजे पाच गुण. पूर्ण अंदाजाच्या ओळींसाठी एकच अक्षर ठरवून ठेवावे, म्हणजे त्या घाईत विचार करावा लागत नाही. भरलेले उत्तर बदलता येत नसल्याने तपासणी म्हणजे मोकळ्या ओळी, दुहेरी गोल आणि बैठक क्रमांक एवढेच पाहणे होय.

चुकांची वही आणि रविवारचा सराव

शेवटच्या आठ आठवड्यांत दर रविवारी बरोबर साडेअकरा ते दीड या वेळात पूर्ण परीक्षा घ्यावी. शक्य असेल तर शेजारच्या गावातील शाळेत, अनोळखी बाकावर आणि अनोळखी शिक्षकांसमोर. जेवणापूर्वीच्या या वेळेत मुलांना भूक लागते आणि पाऊण तासानंतर त्यांचे लक्ष उडू लागते. ते सरावात एकदा कळले, की न्याहारी किती आणि केव्हा द्यायची हेही ठरवता येते.

तपासल्यानंतर किती गुण पडले, यापेक्षा गुण कुठे गेले हे पाहावे. वहीत तीन रकाने आखावेत: ‘येत नव्हते’, ‘येत होते पण चुकले’, ‘गोल चुकला’. प्रत्येक चुकीचा प्रश्न मुलाने स्वतः योग्य रकान्यात लिहावा. पहिल्या रकान्यासाठी घटक पुन्हा शिकवावा लागतो. दुसऱ्यासाठी रेघ मारणे, शेवटचे वाक्य वाचणे, एकक पाहणे या सवयींपैकी कोणती सुटली ते शोधावे. तिसऱ्या रकान्यात दोन आठवडे काही आले नाही, म्हणजे हात तयार झाला. बहुतेक घरी पालक तिन्ही प्रकारच्या चुकांना ‘अभ्यास कर’ हे एकच औषध देतात आणि मूल येणारीच उदाहरणे पुन्हा पुन्हा सोडवत बसते.

शेवटच्या आठवड्यात नवीन घटक घेऊ नये. आधीच्या दोन सराव पुस्तिका आणि ही वही एवढे पुरे.

परीक्षेच्या दिवशी

प्रवेशपत्र आणि आधी वापरून पाहिलेली दोन बॉलपेने आदल्या रात्रीच पिशवीत ठेवावीत. नवे कोरे पेन देऊ नये. ते सुरुवातीला अडखळते किंवा शाई सोडते. केंद्र तालुक्याच्या गावी असेल, तर पहिल्या एसटीच्या भरवशावर न राहता केंद्राचा रस्ता आधी एकदा पाहून यावा. सकाळी रोजचेच खाणे द्यावे, पोहे किंवा भाकरी जे अंगवळणी असेल ते. खोलीत जाण्यापूर्वी मुलाला लघवीला नेऊन आणावे. रस्त्यात उजळणी घेऊ नये.

पुस्तिका हाती आल्यावर माध्यम, पानांची संख्या आणि पुस्तिकेवरील सांकेतिक अक्षर पाहायचे आणि उत्तरपत्रिकेत जिथे मागितले असेल तिथे ते नोंदवायचे. काही जुळत नसेल, तर प्रश्न सुरू करण्याआधीच हात वर करायचा. हजेरीपत्रकावर सही करताना ती सरावात केली तशीच करायची. उत्तरपत्रिकेची घडी घालायची नाही आणि तिच्यावर पाण्याची बाटली ठेवायची नाही. मधेच मन घाबरले, सगळे अक्षर सारखेच दिसू लागले, तर पेन खाली ठेवून दहा श्वास मोजायचे आणि अडलेला प्रश्न सोडून पुढच्या चौकडीवर जायचे. या सगळ्याला अर्धा मिनिट लागतो, हे घरी घड्याळ लावून मुलाला दाखवून ठेवावे, म्हणजे तेवढा वेळ खर्च करण्याची त्याला भीती वाटत नाही.

दीड वाजता मूल बाहेर येते, तेव्हा फाटकाशी उभे असलेले पालक पहिला प्रश्न विचारतात, ‘किती बरोबर आले?’ कृपया तो विचारू नये. शेजारच्या मुलाच्या उत्तरांशी ताळाही करू नये. त्याला भूक लागलेली असते. डबा उघडून द्यावा.